पदवीनंतर माध्यमिक शिक्षक व्हायचंय? आधी काय, मग काय

मी शाळेत शिकवतो, म्हणून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी कागदांची पिशवी घेऊन घरी येतं. बी.एड. झालेलं असतं, परीक्षाही दिलेल्या असतात, गुण बरे असतात आणि तरी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचा प्राधान्यक्रम भरायला गेलं की यादीत एकही शाळा दिसत नाही. कागद चाळले की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. पायऱ्या सगळ्या चढून झाल्यात, क्रम मात्र चुकलाय. प्रवेश आधी घेतला, विषय नंतर ठरवला. जात वैधता लागते हे निवड व्हायची वेळ आली तेव्हा कळलं. टीईटी ही पात्रतेची आणि टेट ही भरतीची, अशा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे तर काहींना बी.एड. संपल्यावरही माहीत नसतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या नववी-दहावीच्या शिक्षकपदासाठी आहे. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या इथे दिलेल्या नाहीत. त्या राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्ष, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आणि पवित्र पोर्टल यांच्याच संकेतस्थळांवर बघायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांत नाही.

टप्पा १: पदाकडून पदवीकडे उलटं या

बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. कोणत्या वर्गाला शिकवायचं त्यावर पात्रता ठरते, आणि ती अशी आहे:

- पहिली ते पाचवी: डी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी पेपर १. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३च्या निकालानंतर बी.एड. इथे चालत नाही.
- सहावी ते आठवी: पदवी, बी.एड. आणि टीईटी पेपर २.
- नववी-दहावी: पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीत किमान ५० टक्के आणि मान्यताप्राप्त संस्थेचं बी.एड.
- अकरावी-बारावी: त्याच विषयात किमान ५० टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

नववीपासून पुढच्या या अटी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या २०१४च्या नियमांतल्या आहेत. त्यातला 'यांपैकी एकीत' हा भाग नीट वाचा. बी.ए.ला ४७ टक्के पडले म्हणून खचलेली मुलं भेटतात. एम.ए.ला ५० टक्के ओलांडले की नववी-दहावीच्या पात्रतेची ही अट पूर्ण होते.

आता खरा प्रश्न विषयाचा. शाळेच्या वेळापत्रकात जो विषय आहे, त्याच विषयाच्या शिक्षकाची जागा निघते. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल. तुमच्या पदवीचा विषय यांपैकी कशात बसतो?

बी.एस्सी. आणि भाषा किंवा इतिहास-भूगोल घेतलेलं बी.ए. सरळ बसतं. बी.ए. मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतलं असेल तर दुसरा विषय कोणता होता ते बघावं लागतं. सगळ्यात मोठा फटका बी.कॉम.वाल्यांना बसतो. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत वाणिज्य हा विषयच नाही. बी.कॉम. करून बी.एड. केलं तर पदवी हातात येते, पण माध्यमिक शाळेत बसायला खुर्ची सापडत नाही. त्यांनी एम.कॉम. पूर्ण करून कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता धरावा. हे कटू वाटेल, पण प्रवेशाच्या वेळी तुम्हाला हे कोणी सांगणार नाही. महाविद्यालयाला जागा भरायच्या असतात.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांना बी.एड. प्रवेशासाठी विज्ञान-गणिताच्या विशेष अभ्यासासह ५५ टक्के लागतात. प्रवेश मिळाला म्हणजे भरतीतही विषय जुळेलच असं नाही, ते वेगळं तपासा.

तपासा: पवित्र पोर्टलवरच्या मागच्या भरतीच्या चार-पाच जाहिराती काढा. प्रत्येकीत वर्गगट, विषय, माध्यम आणि आरक्षण हे चार रकाने वाचा. तुमची पदवी त्यातल्या एकाही ओळीत बसत नसेल, तर बी.एड. आधी नको, आधी विषयाची सोय.

टप्पा २: कागद आधी, अर्ज नंतर

कंटाळवाणा टप्पा आहे. जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पहिलं काम नावाचं. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी प्रमाणपत्र, आधार आणि जातीचं प्रमाणपत्र एका रांगेत जमिनीवर मांडा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा. मागच्या वर्षी एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' होतं, पदवीवर 'दत्तात्रेय', आणि आधारवर लग्नानंतरचं आडनाव. तिच्या दृष्टीने तिघं एकच. पडताळणीच्या टेबलावर मात्र ती तीन माणसं होती. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलाची नोंद जवळ हवी. माझा सल्ला असा की भरतीचं काम संपेपर्यंत सगळे अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानेच करा.

दुसरं, जात वैधता. जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिलं प्रांत कार्यालयातून मिळतं, दुसरं जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद, नात्यातल्या कोणाची वैधता असेल तर ती आणि वंशावळ हे सगळं लागतं. ते गोळा करायला आणि समितीचा निर्णय यायला महिने जातात. राखीव जागेवर बी.एड.ला प्रवेश घ्यायचा असेल तर हा अर्ज सीईटीच्या किती तरी आधी गेलेला हवा.

तिसरं, मुदत असलेले दाखले. नॉन क्रीमी लेयर आणि आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र यांवर मुदत छापलेली असते. 'माझ्याकडे आहे' एवढं पुरत नाही. अर्जाच्या वेळी आणि पडताळणीच्या वेळीही ते चालू असलं पाहिजे.

चौथं, गुण. तुमच्या विद्यापीठाने ग्रेड पॉइंट दिले असतील तर टक्केवारीत रूपांतर कसं करायचं त्याचं सूत्र किंवा प्रमाणपत्र विद्यापीठाकडूनच घ्या. मित्राने नऊने किंवा साडेनऊने गुणून काढलेली टक्केवारी अर्जात भरू नका. आणि सहाही सत्रांच्या गुणपत्रिका जपा, एटीकेटी लागलेल्यांसकट. शेवटच्या सत्राची एकच गुणपत्रिका घेऊन येणारे दरवर्षी असतात.

अधिवास प्रमाणपत्र, दिव्यांग प्रमाणपत्र, आणि प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, खेळाडू, माजी सैनिक अशा समांतर आरक्षणाचे दाखले लागू असतील तर तेही याच वेळी काढा. खेळाडूंनी नुसत्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते.

सावध: ४९.८ म्हणजे ५० नव्हे. टक्केवारी वरच्या आकड्याला नेऊन पात्रता मिळेल असं गृहीत धरून फॉर्म भरू नका.

टप्पा ३: बी.एड. सीईटी

दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. संगणकावर १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. त्यात मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३० अशी विभागणी आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही.

तयारीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तुमच्या पदवीच्या विषयाचा या परीक्षेशी संबंध नसतो, हे आधी मनाला पटवा. एम.एस्सी. झालेले 'आपल्याला काय अवघड' म्हणून जातात आणि अंकमालिका, सांकेतिक भाषा, दिशा यांत वेळ घालवून बसतात. दोन महिने रोज तासभर सराव केला तर पुरतो.

एक गोष्ट मात्र नेहमी चुकते. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. महाविद्यालयात जायचं असेल तर ईएलसीटी ही ५० गुणांची इंग्रजीची जादा चाचणी द्यावी लागते, आणि तिची निवड अर्ज भरतानाच करायची असते. 'बघू पुढे' म्हटलं की दार त्या वर्षापुरतं बंद.

तपासा: अर्जाची प्रत छापून घेतली का? प्रवर्ग, जन्मतारीख, ईएलसीटी, फोटो आणि सही, पाचही नोंदी प्रतीवर बोट ठेवून वाचा. सायबर कॅफेवाल्याने भरलेला अर्जही तुमचाच असतो.

टप्पा ४: कॅप फेरी आणि महाविद्यालयाची निवड

सीईटी झाली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजून घरी बसणारे खरोखर असतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची म्हणजे कॅपची नोंदणी वेगळी. तिचा क्रम असा: नोंदणी आणि कागद अपलोड, ई-पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, विकल्प अर्ज, जागावाटप, मग महाविद्यालयात जाऊन प्रवेश निश्चिती.

यातला हरकतीचा काळ सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. तात्पुरत्या यादीत तुमचा प्रवर्ग किंवा टक्केवारी चुकलेली असेल तर ती दुरुस्त करायची हीच वेळ. अंतिम यादी लागल्यावर कुठेही गेलात तरी ऐकून घेतील, करणार काही नाहीत.

विकल्प भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाबद्दल चार गोष्टी काढा:

१. एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का. एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते.
२. शासकीय, अनुदानित की विनाअनुदानित. शुल्कातला फरक यावरच ठरतो.
३. तुमचे अध्यापन विषय तिथे उपलब्ध आहेत का. बहुतेक विद्यापीठांत दोन अध्यापन विषय घ्यावे लागतात. भूगोलाचा प्राध्यापकच नसलेल्या महाविद्यालयात भूगोल घेऊन काय शिकणार?
४. सरावासाठी कोणत्या शाळा जोडलेल्या आहेत आणि त्या किती लांब आहेत.

अध्यापन विषयांपैकी किमान एक पदवीच्या मुख्य विषयाशी जुळणारा ठेवा. गणिताची पदवी असताना 'सोपं जातं' म्हणून मराठी-इतिहास घेणाऱ्याने भरतीतला आपला सगळ्यात भक्कम पाय स्वतःच काढून घेतलेला असतो. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर वेगळा करायचा असतो, तो प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही.

सावध: 'हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं बी.एड. कोणी देऊ करत असेल तर तिथून निघा. दूरशिक्षणाचं बी.एड. मुळात आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी आहे. साधा पदवीधर त्यात बसत नाही. असं प्रमाणपत्र पडताळणीत अडकलं की दोन वर्षं आणि पैसे दोन्ही गेले. परराज्यातलं बी.एड. चालतं, पण संस्थेची मान्यता आणि तुमची हजेरी कागदावर दाखवता आली पाहिजे.

टप्पा ५: बी.एड.ची दोन वर्षं

नियमाप्रमाणे वर्गातल्या आणि प्रात्यक्षिकाच्या कामाला ८० टक्के, तर शालेय आंतरवासितेला म्हणजे इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. दुसऱ्या वर्षी नोकरी करत करत बी.एड. उरकू, असा बेत करणाऱ्यांनी हे १६ आठवडे दिनदर्शिकेवर खूण करून बघावेत.

सूक्ष्म अध्यापन आणि सराव पाठ यांत मार्क मिळतात, म्हणून मुलं ते उरकतात. मला वाटतं, पूर्ण अभ्यासक्रमात पुढे खरोखर उपयोगी पडणारी हीच गोष्ट आहे. मुलाखतीत संस्था तुम्हाला फळ्यासमोर उभं करते, तेव्हा बालमानसशास्त्राची व्याख्या कोणी विचारत नाही.

पाठ टाचणातली, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातली, नेहमीची चूक दाखवतो. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ घ्यायचा आहे. मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या टाचणात उद्दिष्ट लिहिलेलं असतं: 'विद्यार्थ्यांना अपवर्तन समजेल.' समजलं हे तास संपल्यावर कसं कळणार? त्याऐवजी असं लिहून बघा: 'विद्यार्थी पाण्याने भरलेल्या ग्लासातल्या पेन्सिलीचं चित्र काढतो आणि किरण कुठे वळला ते बाणाने दाखवतो.' आता पाठाचा शेवटचा पाच मिनिटांचा भाग आपोआप ठरला. ग्लास आणायचा, पेन्सिल आणायची, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला तो ग्लास दिसेल का हे आदल्या दिवशी त्याच वर्गात मागे उभं राहून बघायचं. परीक्षक टाचण वाचतो त्याआधी मागचा बाक बघतो.

आंतरवासितेत शाळेचं कार्यालयही बघून घ्या. सामान्य नोंदवही म्हणजे जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, निकालपत्रक, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती ही कामं पुढे गळ्यात पडणारच आहेत. लिपिकांना चहा विचारून एक दिवस त्यांच्या शेजारी बसलात तर पाठ्यपुस्तकात नसलेलं बरंच कळतं.

टप्पा ६: टीईटी, नववी-दहावीला लागत नसली तरी

शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पहिली ते आठवीसाठी आहे. केवळ नववी-दहावीच्या जागेला ती लागत नाही, आणि म्हणून अनेक जण ती सोडून देतात. माझं मत स्पष्ट आहे: सोडू नका. माध्यमिक शाळांतही सहावी ते आठवीचे वर्ग असतात आणि पेपर २ उत्तीर्ण असलात तर त्या गटाच्या जागाही तुमच्यासाठी उघडतात. शिवाय १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. वारं कोणत्या दिशेला आहे ते यावरून ओळखा.

पेपर १५० गुणांचा, वेळ १५० मिनिटं. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आजन्म वैध असतं, त्यामुळे एकदा सुटलात की सुटलात. बी.एड.वाल्यांनी पेपर १ ची फी भरू नये, त्याचा उपयोग नाही.

पेपर २ मध्ये ६० गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र असा गट निवडावा लागतो. पदवीशी जुळणारा गट घ्या. बी.एस्सी.च्या मुलाने सोपा वाटला म्हणून सामाजिक शास्त्र घेऊन पेपर काढला, तर गणित-विज्ञानाच्या जागेवर त्या प्रमाणपत्राचा आधार मिळत नाही.

केंद्राची सीटीईटी बी.एड.च्या शेवटच्या वर्षात असतानाही देता येते. केंद्रीय विद्यालयाच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकपदासाठी तिचा पेपर २ लागतोच.

टप्पा ७: टेट

इथे शब्दांचा घोळ होतो, म्हणून सावकाश वाचा. 'टीईटी' ही पात्रता परीक्षा, वरच्या टप्प्यातली. 'टेट' म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीची गुणवत्ता ठरवणारी परीक्षा. बोलताना दोन्हींना टेट म्हणतात आणि मुलं एक देऊन दुसरी दिल्याच्या समाधानात राहतात. टीईटी उत्तीर्ण व्हायची असते. टेटमध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं बघायचं नसतं, शेवटच्या गुणापर्यंत भांडायचं असतं. पवित्र पोर्टलवर नववी-दहावीच्या जागेसाठीही टेट लागते.

२०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. हिशेब केला तर एका प्रश्नाला ३६ सेकंद. हा ज्ञानाचा कमी आणि वेगाचा जास्त खेळ आहे. चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून घड्याळ लावून सराव करा आणि शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांची उत्तरं निवडायला राखून ठेवा.

आतापर्यंत टेट तीनदा झाली: डिसेंबर २०१७, मग थेट फेब्रुवारी-मार्च २०२३, आणि मे-जून २०२५. पहिल्या दोन परीक्षांत पाच वर्षांहून जास्त अंतर होतं. याचा अर्थ सोपा आहे. परीक्षा जाहीर झाल्यावर तयारी सुरू करू, हे गणित इथे चालत नाही. हुकली तर पुढची कधी, हे कोणीच सांगत नाही. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षापासून रोज अर्धा तास बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवायची सवय ठेवा. दोन टेटच्या मधल्या काळात जवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवा. पैसे तुटपुंजे मिळतात, हात मात्र बसतो.

टप्पा ८: पवित्र पोर्टल

जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि खासगी अनुदानित शाळांतली भरती आता या पोर्टलवरून होते. उमेदवाराची कामं दोनच: स्व-प्रमाणपत्र भरणं आणि प्राधान्यक्रम लॉक करणं. दोन्हींत एकेक अक्षर महाग पडतं.

स्व-प्रमाणपत्रात तुम्ही जे भराल त्यावरून तुम्हाला जागा दिसतात. पदवीचा विषय, अध्यापन विषय, शिक्षणाचं माध्यम, टीईटीचा पेपर आणि गट, प्रवर्ग, समांतर आरक्षण. यातलं काही चुकलं तर पोर्टल तक्रार करत नाही, गुपचूप जागा दाखवायचं थांबतं. सुरुवातीला म्हटलं तसं यादी रिकामी दिसण्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं. दुसऱ्या बाजूने, जे तुमच्याकडे नाही ते भरलं तर निवड होते आणि पडताळणीत जाते. तेव्हाची निराशा जास्त वाईट.

म्हणून मोबाइलवर, रात्री अकराला, शेवटच्या दिवशी हे करू नका. टप्पा २ मधली फाइल समोर ठेवा. एकाने मूळ कागद वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावरची नोंद वाचायची. बँकेत नोटा दोघं मोजतात तसं.

जागा दोन प्रकारच्या असतात. मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह. पहिल्या प्रकारात टेटचे गुण, प्रवर्ग आणि तुमचा क्रम यांवर थेट निवड होते. दुसऱ्या प्रकारात खासगी संस्थेकडे उमेदवारांची यादी जाते, संस्था मुलाखत आणि पाठ घेते. तिथे टेटचे गुण दारापर्यंत आणतात, पुढचं फळ्यासमोर ठरतं.

प्राधान्यक्रम लावताना 'मला कुठे मिळेल' असा अंदाज बांधत बसू नका. 'मला कुठे हवं' या क्रमाने लावा. खालच्या क्रमांकाची जागा वर आणली म्हणून ती मिळायची शक्यता वाढत नाही, उलट हवी असलेली हातची जाते. जिथे काही झालं तरी राहायला जाणार नाही ते गाव यादीत घालूच नका.

तपासा: लॉक झाल्याची छापील प्रत हातात आहे का? नुसतं सेव्ह केलेले प्राधान्यक्रम धरले जात नाहीत.

टप्पा ९: निवड झाल्यावर

पेढे वाटा, पण फाइल बंद करू नका. मूळ कागदांची पडताळणी होते, मग नियुक्ती आदेश. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक असता. जानेवारी २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन महिना १८,००० रुपये आहे. ही तीन वर्षं समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा. कर्जाचे हप्ते पूर्ण पगाराच्या भरवशावर ठरवू नका.

खासगी अनुदानित शाळेत रुजू झालात तर दोन गोष्टींचा पाठपुरावा स्वतः करावा लागतो. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडून तुमच्या नावाची वैयक्तिक मान्यता, आणि त्यानंतर शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीत नाव. मान्यता नसेल तर शालार्थ नाही आणि शालार्थ नसेल तर सरकारी पैसा नाही. प्रस्ताव 'पाठवलाय' असं मुख्याध्यापक म्हणाले तर आवक क्रमांक आणि तारीख विचारा, नम्रपणे, पण विचाराच.

सावध: पोर्टलच्या बाहेर कोणी 'संस्थेत जागा आहे, थोडी देणगी द्या, मान्यता आम्ही आणतो' म्हणत असेल तर तीन प्रश्न विचारा. हे पद संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या यादीत, आहे का? बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदांच्या नोंदवहीत, ते कोणत्या प्रवर्गाचं आहे? तुकडी किती टक्के अनुदानावर आहे, २०, ४०, ६० की ८०, की नुसती अनुदानाची आशा? लेखी उत्तर मागा. माझ्या ओळखीतला एक जण अशा जागेवर आठ वर्षं विनापगार शिकवत होता, घरची शेती विकून दिलेली देणगी वेगळी. त्याच्याकडे नियुक्ती पत्र होतं. मान्यतेचा कागद त्याने कधी पाहिलाच नव्हता.

रुजू झाल्याच्या दिवशी चार कागदांच्या प्रती घरच्या फाइलला लावा: निवड यादीचं पान, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि हजेरीपत्रकातली पहिली सही. मान्यतेचं पत्र आलं की पाचवा. तीन वर्षांनी शिक्षण सेवक कालावधी पूर्ण झाल्याचा प्रस्ताव जाईल तेव्हा कार्यालय हेच कागद पुन्हा मागणार आहे, आणि तोवर लिपिक बदललेला असेल.